वल्हवायची मशीन

पंच्याऐंशीच्या हिवाळ्यात कचेरीचा जिना चढताना मधुसूदन पोतनीसच्या छातीत कळ आली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो फाइल छातीशी धरून थोडा वेळ उभा राहिला, कपाळावरचा घाम पुसला आणि कोणाला काही न सांगता आपल्या टेबलाशी जाऊन बसला. पण शेजारच्या टेबलावरच्या यमुताईंच्या नजरेतून ते सुटलं नाही. संध्याकाळी त्या मुद्दाम वाट वाकडी करून घरी आल्या आणि ताराला सगळं सांगून गेल्या. दुसऱ्या दिवशी तारा नवऱ्याला जवळजवळ हाताला धरूनच डॉक्टरकडे घेऊन गेली.

"झटका नाही, पण इशारा समजा," डॉक्टर म्हणाले. "रोज तीन मैल चालायचं."

"डावा गुडघा चालू देत नाही," मधुसूदन म्हणाला. चार वर्षांपूर्वी स्कूटरवरून पडल्यापासून तो गुडघा कामातून गेला होता.

"मग पोहा."

"थंडीत?"

डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं. "मग वल्हवा. हसू नका वहिनी, खरंच सांगतो. आता घरात बसून वल्हवायची मशीन निघाली आहे. गुडघ्यावर भार नाही, आणि डोक्यापासून पायापर्यंत सगळं अंग हलतं."

हसत होती ती ताराच. मधुसूदन हसला नाही. रिक्षात बसल्यावर बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "मी वल्हवायचो."

"काय?"

"होडी. सक्करदऱ्याच्या तलावावर. तीन वर्षं वल्हवली."

लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. ताराने मान वळवून त्याच्याकडे नीट पाहिलं. "आणि हे मला आज सांगता?"

त्या रात्री नाही, पण नंतरच्या चार-पाच दिवसांत तिने त्याच्याकडून थोडं थोडं काढून घेतलं. भैय्याजी नावाचे रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. त्यांनी पदरच्या पैशाने दोन लाकडी होड्या बांधून घेतल्या होत्या आणि आसपासच्या पोरांना गोळा करून मंडळ काढलं होतं. पहाटे साडेपाचला तलावावर हजर व्हायचं. पाण्यावर धुकं असायचं, आणि काठावरच्या रस्त्याने भैय्याजी सायकलवरून होडीच्या बरोबरीने जात असायचे. हँडलवर एक हात, दुसऱ्या हातात टोपी, आणि तोंडाने अखंड आरडाओरडा. "अरे पाठ! पाठ कुठं आहे? हातानं काय विहिरीतून पाणी काढता काय रे?" उन्हं वर आली की पोरं काठावरच्या गाडीवर चना-पोहे खायची, दोघांत एक द्रोण.

"दोघांत म्हणजे तुमच्याबरोबर कोण?" ताराने विचारलं.

"होता एक," मधुसूदन म्हणाला आणि पेपर उघडून बसला.

घरात जागा होती. मोठा मुलगा इंजिनिअरिंगला पुण्याला गेल्यापासून मागच्या खोलीत त्याचे डंबेल्स, भिंतीला टांगलेला स्प्रिंगांचा चेस्ट एक्सपांडर आणि एक जाड सतरंजी पडून होती. ताराने ती खोली झाडून घेतली, खिडकीची जाळी धुतली आणि जाहीर केलं की आता ही व्यायामाची खोली. मशीन तेवढी आणायची राहिली.

रविवारी दोघं सीताबर्डीवर गेली. चंपतरावांच्या खेळाच्या सामानाच्या दुकानात, कॅरमबोर्डांच्या थप्पीमागे, वल्हवायच्या मशीनी होत्या. एक स्प्रिंगांची, दोन तेलाच्या, त्यांतली एक लाल, एक राखाडी. तेलाच्या मशीनला दोन्ही बाजूंनी स्कूटरच्या शॉकअपसारख्या नळ्या होत्या आणि नळ्यांना दांडे. मधली बैठक पट्टीवरून पुढेमागे घसरायची.

"बसून पाहा की साहेब," चंपतराव म्हणाले.

भैय्याजींच्या होडीतली बैठक म्हणजे एक आडवी फळी होती, ती कधी हलली नव्हती. मधुसूदन बसला, पाय टेकवले, दांडे धरले आणि जुन्या सवयीने जोर लावला. बैठक सुर्रकन मागे गेली आणि तो पाठीमागच्या फुटबॉलच्या जाळीत जाऊन पडला. तीन फुटबॉल सुटून रस्त्यावर गेले. तारा पदराने तोंड झाकून हसली, चंपतराव फुटबॉलमागे धावले.

मग स्प्रिंगची ओढून पाहिली, दुसरी तेलाची ओढून पाहिली. सगळ्याच बऱ्या वाटत होत्या आणि एकही बरी वाटत नव्हती.

"मला ह्यातलं काही कळत नाही," तो शेवटी म्हणाला.

"खरं सांगू? मलाही नाही," चंपतराव म्हणाले. "माल आला, मी ठेवला. ज्याला कळतं तो माणूस कोराडीला आहे. पॉवर हाउसमध्ये फिटर. त्यांनी माझ्या गळक्या मशीनीचे वॉशर बदलून दिले. म्हणाले, 'पैसे नको, मले फक्त एकडाव खोलून पाहू द्या.' गोविंदा मेश्राम नाव त्यांचं. कॉलनीत कोणीही घर दाखवेल."

मधुसूदनने रुमालाने हात पुसले. ते पुसणं फार वेळ चाललं होतं, हे ताराने पाहिलं.

"तोच ना तो?" बाहेर आल्यावर तिने विचारलं. "द्रोणातला?"

"तोच."

"मग जा ना."

तो गेला नाही. एक रविवार थंडीवर ढकलला, दुसरा गुडघ्यावर. तिसऱ्या रविवारी ताराने त्याची पिशवी भरून दारात आणून ठेवली. त्यात पाण्याची बाटली, गोळ्या आणि चार संत्री होती. ती म्हणाली, "तुमच्यात काय झालं होतं ते मला सांगू नका. पण मशीन तरी घेऊन टाका."

कोराडीच्या बसमध्ये त्याला खिडकीची जागा मिळाली. शहर मागे पडलं तसे कोळशाचे ट्रक दिसू लागले, आणि पुढे रस्त्याकडेच्या झाडांची पानंही करडी झाली. तो सगळा वेळ बासष्ट सालच्या एका दुपारचा विचार करत होता. भोपाळच्या तलावावर शर्यत होती. दोघांच्या होडीसाठी भैय्याजींनी गोविंदाचं आणि त्याचं नाव दिलं होतं. भैय्याजी आदल्या दिवशीच पुढे गेले होते, आणि ह्या दोघांनी दुसऱ्या दिवशी चारच्या गाडीने निघायचं होतं. मधुसूदन स्टेशनवर गेलाच नाही. निरोपही पाठवला नाही. त्यानंतर तो तलावाकडे फिरकला नाही, आणि त्या वर्षाअखेर गोविंदानेही मंडळ सोडून गिरणीत नोकरी धरल्याचं कानावर आलं. तेवीस वर्षं झाली होती.

कॉलनीतल्या क्वार्टरच्या दारात एक बाई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

"कोण पाहिजे जी?"

"गोविंदा मेश्राम इथंच राहतात ना? मी पोतनीस. सक्करदऱ्याहून आलो."

तिचे हात थांबले. "मधुसूदन पोतनीस?"

"हो."

"या," ती म्हणाली. ती गोविंदाची बायको, प्रेमिला. तिने खुर्ची पुढे केली. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती, खाली ताजी फुलं. "ड्युटीवरून येऊनच राहिले ते. चहा घेता न?"

त्या 'न'वर किंचित जोर होता. मधुसूदनला तो कळला.

"घेतो. कपभर घेतो."

तिने चहा आणून दिला, चिवड्याची ताटली ठेवली आणि पुन्हा शेंगांपाशी बसली. थोड्या वेळाने, वर न पाहता म्हणाली, "तुमचं नाव आमच्या घरात गंज वेळा निघालं, मोजले नाही इतक्या वेळा."

"चांगलं म्हणून निघालं नसेल."

"नाही," ती सरळ म्हणाली.

फाटकाशी सायकल वाजली. एक माणूस पाठमोरा उभा राहून सायकलला कुलूप लावत होता. केस पांढरे झाले होते, अंग भरलं होतं, पण मधुसूदनला तोंड पाहायची गरज पडली नाही. तीन वर्षं होडीत गोविंदा पुढच्या फळीवर आणि तो मागच्या. रोज सकाळी तासभर त्याने ती पाठ पाहिली होती. उजवा खांदा डाव्यापेक्षा थोडा खाली, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार?

गोविंदा वळला. ओळखायला त्यालाही वेळ लागला नाही.

"तू?"

मधुसूदन उठून उभा राहिला. बसमध्ये जुळवलेलं सगळं बोलणं कुठल्या कुठे गेलं. "मशीन घ्यायची आहे," तो म्हणाला.

"कायची?"

"वल्हवायची. डॉक्टर म्हणाले. चंपतरावांनी तुझं नाव सांगितलं."

गोविंदाने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "छाती?"

"हो. आणि हा गुडघा."

"बस. उभा नको राहू." त्याने हातपाय धुतले, टॉवेल खांद्यावर टाकला आणि समोर बसला. आणि एखाद्या साहेबाने पंपाबद्दल विचारावं आणि फिटरने सांगावं, तसं सांगू लागला. "स्प्रिंगची घेऊ नको. पाण्यात कसं होते? वल्हं पडलं का पहिलंच ओढणं जड. मंग होडी पळते, तसं तसं हलकं होत जाते. स्प्रिंगचं उलटं आहे. सुरुवातीले काहीच नाही, अन शेवटी हात पोटापाशी आले का जीव खाते. तुयासारख्या छातीच्या माणसाले ते कायले पाहिजे?"

"मग तेलाची?"

"तेलाची बरी. पण पंधरा मिनिटांत तेल गरम होते, मंग नरम पडते. वॉशर गळते. तुले किती वेळ करायची आहे?"

"डॉक्टर म्हणाले दहा मिनिटं."

"मंग चालते." तो टॉवेल सावरत उठला. "ये, तुले एक दाखवतो."

मागच्या व्हरांड्यात चादरीखाली काहीतरी झाकून ठेवलं होतं. चादर ओढताच राख उडाली. खाली लोखंडी पट्ट्यांवर एक लाकडी बैठक होती, आणि समोर सायकलचं मागचं चाक. चाकाच्या आऱ्यांना डब्याच्या पत्र्याची पाती लावली होती, आणि साखळीला एक आडवा दांडा.

"तू बनवलीस?"

"मंग काय. सहा वर्षं झाले. इथं पाणी कुठं आहे गा? पॉवर हाउसच्या राखेचा तलाव आहे, त्याच्यात काय वल्हवतं? मले राहवे नाही, म्हणून बनवली. पाती हवा कापते. जेवढा जोर लावशील तेवढी जड होते, पाण्यासारखी. बस."

मधुसूदन जपून बसला. दांडा ओढला. चाक फिरलं, पात्यांतून वारा निघाला आणि त्याच्या पायजम्याचे घोळ फडफडले. दुसरी ओढ, तिसरी. चौथ्या-पाचव्या ओढीला पाठीतलं काहीतरी जुनं जागं झालं. ते दुखत होतं आणि बरंही वाटत होतं.

"पाठ," गोविंदा मागून म्हणाला. "आधी पाठ, मंग हात. तेव्हाही तू असाच करत होता."

"तुला काय माहीत? तू तर पुढे तोंड करून बसायचास."

"होडीले समजते न गा. हिसका बसे."

चाक हळूहळू मंदावलं. मधुसूदनने दांडा सोडला नाही. गोविंदा मागे उभा होता, आणि त्याचं तोंड दिसत नव्हतं म्हणून बोलणं थोडं सोपं होतं.

"त्या दिवशी मी स्टेशनवर आलो नाही."

"माहीत आहे. मी तिथंच होतो."

"सकाळी मुलाखत होती. ह्याच नोकरीची."

"अन गाडी चारची होती."

इथं थांबता आलं असतं. मुलाखतीवर सगळं ढकलता आलं असतं. स्वतःच्या मनाशी त्याने तेवीस वर्षं तेच केलं होतं.

"बाराला घरी आलो," तो म्हणाला. "पिशवी भरलेली होती. आईनं विचारलं, तिथं चार दिवस राहशील कुठं, जेवशील कोणाबरोबर. मी तुझं नाव सांगितलं. ती म्हणाली, नोकरीचं जमत आलं आहे, लोकांच्या तोंडाला विषय कशाला देतोस. काकाही तेच म्हणाले. मी काहीच बोललो नाही. पिशवी उघडली आणि कपडे परत खुंटीवर लावले. मला कोणी कोंडलं नव्हतं, गोविंदा. दार उघडंच होतं."

पुढच्या दारात शेंगा सोलल्याचा आवाज बंद झाला होता.

गोविंदाने खांद्यावरचा टॉवेल काढला, झटकला, पुन्हा टाकला. "पहिले मले वाटलं तू आजारी पडला. दोन दिवस मी तेच धरून बसलो. माय म्हणे, जाऊन पाहून तरी ये. मी तुयाकडे यायलेच निघालो होतो. महाल मोहल्ल्यात तू सायकलवर दिसला. मले पाहिलं, अन दुसऱ्या गल्लीत वळला."

"हो."

"छप्पन साली बापानं दीक्षा घेतली, तेव्हा मले म्हणे, आता मान खाली घालून चालायचं नाही. तुया होडीत बसलो तं मले वाटे, घालावंच लागत नाही. अन तू गल्लीत वळला. त्या वळण्याचा राग गा मले. स्टेशनचा तेवढा नाही."

"चुकलं माझं," मधुसूदन म्हणाला.

"चुकलं तं चुकलं." गोविंदा आत गेला. मधुसूदनला वाटलं, आता निघावं. पण गोविंदा टेप घेऊन परत आला आणि त्याच्या पायांशी उकिडवा बसला. "पाय सरळ कर. तुये पाय लांब आहेत. चंपतरावच्या लाल मशीनची पट्टी आखूड आहे, तुये गुडघे छातीले लागतीन." त्याने टाचेपासून कमरेपर्यंत माप घेतलं आणि आकडा पेन्सिलीने तळहातावर लिहिला. "रविवारी येतो मी बर्डीवर. अकराले."

निघताना प्रेमिलाने संत्री ठेवून घेतली आणि पिशवीत तुरीच्या शेंगा भरून दिल्या. दारापर्यंत येऊन ती म्हणाली, "अकराले उभे राहा भाऊ. अन उभे राहाच."

रविवारी मधुसूदन दहालाच चंपतरावांच्या दुकानासमोर होता. अकरा वाजले, सव्वाअकरा झाले. बस उशिरा असेल. रविवारी बसगाड्या कमीच असतात. साडेअकराला त्याच्या मनात आलं की गोविंदाने आपल्याला मुद्दाम इथं उभं केलं असेल, आणि तसं असेल तर ते बरोबरच आहे. तरी तो हलला नाही. अकरा चाळीसला गोविंदा धापा टाकत आला. "टायर फुटला बसचा. आलो मी अर्ध्यातून पायी."

मग एक तास त्याने चंपतरावांचं दुकान डोक्यावर घेतलं. दोन्ही तेलाच्या मशीनी उलट्या केल्या, वेल्डिंगवरून नख फिरवलं, पट्टी टेपने मोजली. मग स्वतः बसून बारा मिनिटं ओढली आणि नळ्यांना हात लावून पाहिला. लाल मशीन चकचकीत होती. दुसरी राखाडी, एका बाजूला पोचा आलेला.

"हे घे," तो राखाडीवर थाप मारत म्हणाला. "पट्टी लांब आहे. पोच्याले काही होत नाही. चंपतराव, पायाचे पट्टे बदला, हे रबर दोन महिन्यांत तुटते."

मधुसूदनच्या ओठांवर आलं होतं की मला तुझ्यासारखी एक बनवून दे. त्याने विचारलं नाही, आणि गोविंदाही आपणहून काही बोलला नाही.

सायकलरिक्षावर मशीन आडवी टाकून दोघं सक्करदऱ्याला निघाले. वाटेत गोविंदाने रिक्षा तलावाकडे वळवायला लावली. होड्या बांधायची जागा ओळखू येत नव्हती. काठावर घरं झाली होती, पाण्यात बायका धुणं धूत होत्या.

"भैय्याजी इथून ओरडत," गोविंदा म्हणाला.

"तिथून. त्या वळणावरून. एकदा सायकलसकट पाण्यात गेले होते."

"अन वर आले तं पहिले काय म्हणाले?"

"पाठ!" मधुसूदन म्हणाला, आणि दोघं हसले. रिक्षावाला वळून पाहू लागला.

घरी गोविंदाने मशीन जोडली, तेल तपासलं, ताराला किती ओढू द्यायचं ते सांगितलं. "याले मोजता येत नाही वहिनी, हा सुरू झाला का थांबत नाही. तुम्हीच थांबवा." जेवायला मात्र तो राहिला नाही, दुपारची ड्युटी होती. तारा फाटकापर्यंत सोडायला गेली आणि परत येऊन म्हणाली, "एवढा चांगला माणूस आणि तुम्ही..."

उन्हाळा सुरू होईपर्यंत मधुसूदन दहाची पंधरा मिनिटं करू लागला. डॉक्टरांनी गोळी अर्धी केली. गोविंदा महिन्यातून एखाद्या रविवारी यायचा, कधी यायचा नाही. सगळं पहिल्यासारखं झालं, असं म्हणता येणार नाही. काही वेळा बोलता बोलता गोविंदा एकदम गप्प होई, आणि मधुसूदन त्या गप्प बसण्याला हात लावत नसे.

जुलैत त्याचं पोस्टकार्ड आलं. कॉलनीच्या क्लबला मशीन घ्यायची होती. 'तू आता रोज ओढतो तं तुले जास्त समजते, शनिवारी ये,' असं लिहिलं होतं. मधुसूदन गेला. क्लबच्या मंडळींसमोर त्याने सांगितलं की इथं सगळी तरणी पोरं आहेत, चार जण एकामागून एक बसणार, तेल उकळून जाईल, त्यापेक्षा स्प्रिंगची घ्या.

"स्प्रिंगची?" गोविंदा उठूनच उभा राहिला. "मी तुले काय शिकवलं होतं?"

"तू मला माझ्या छातीसाठी शिकवलंस. ह्यांच्या छातीला काय धाड भरली आहे?"

"अरे पण ओढ उलटी आहे तिची!"

"असू दे उलटी. तुटणार तर नाही!"

पाऊण तास दोघं भांडले. कमिटीचे लोक आधी घड्याळाकडे पाहत होते, मग चहा मागवून मजा पाहत बसले. शेवटी गोविंदाचं चाललं, तेलाची मशीन ठरली. मधुसूदन रागाने निरोप न घेताच बसस्टॉपवर आला. पाच मिनिटांनी गोविंदा मागून आला आणि शेजारी उभा राहिला. पाचची बस भरून आली. ती दोघांनीही जाऊ दिली.

"तेल उकळेल," मधुसूदन म्हणाला.

"उकळू दे. मी बदलून देईन."

"किती वेळा?"

"जेवढ्या वेळा उकळेल तेवढ्या वेळा," गोविंदा म्हणाला, आणि पुढची बस किती वाजता आहे ते पाहायला कंट्रोलरच्या खिडकीकडे गेला.